इलाहीकडची चावी

दस्तगीरचाचा गाडीतून उतरले ते मागच्या दारानं, कापसातून.

आधी नुसता हॉर्न आला. म्हैसाळ रस्त्याच्या वळणापासून तो एकसारखा वाजत होता. मग वळणावरून पांढरी व्हॅन आली, चारी इंडिकेटर उघडमीट करत आणि नोव्हेंबरच्या कोरड्या उन्हात दोन्ही वायपर जीव खाऊन हलवत. गाडी आमच्या गॅरेजच्या दारात थांबली. आतल्या म्हाताऱ्यानं सावकाश चावी काढली, काचेतून मला हात केला. हॉर्न थांबला. लगेच चारी दारं खट्ट करून बंद झाली.

म्हाताऱ्यानं हँडल एकदा ओढून बघितलं. मग एसटी लेट आहे असं कळल्यावर माणूस जसा फलाटावरच्या बाकाकडं वळतो, तसा तो सीटवरून मागं गेला. मागच्या दाराचं कुलूप कधीच काढून टाकलेलं होतं, तिथं सुतळी होती. ती सुटली. पहिलं पोतं पडलं, दुसरं पडलं, आणि त्यांच्यामागून म्हातारा आला. टोपी, भुवया, दाढी, सगळ्यावर कापूस. मूळची दाढी कुठली आणि आजची कुठली ते कळत नव्हतं.

"रोज असंच उतरता काय?" मी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "बुधवारी दार उघडतं."

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. पुण्यात दोन वर्षं वायरिंगचं शिकून मिरजेला परत आलो होतो आणि गावाबाहेर गुंडूमामांच्या गॅरेजात लागलो होतो. इंजिन मामांचं, वायर माझी. मामांनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला होता, सुक्याचा हात चांगला आहे, तोंडाचा फ्यूज तेवढा काढून ठेवला पाहिजे. मला ते कौतुकच वाटलं होतं.

दस्तगीर नदाफ हे पिंजारी. व्हॅनच्या मागच्या अर्ध्या भागात कापूस पिंजायचं यंत्र, उरलेल्या अर्ध्यात कापूस आणि कापडाचे तागे. गावोगाव जायचं, दारात गाडी लावायची, जुन्या गादीतला दगड झालेला कापूस काढून पिंजायचा आणि संध्याकाळपर्यंत गादी शिवून द्यायची. लग्नसराई तोंडावर आली होती. पुढचे चार महिने ही गाडी म्हणजेच त्यांचं दुकान.

"काय काय होतंय सांगा," मी म्हणालो.

"हॉर्न दाबला की आतला दिवा लागतो. दिवा लावला की काचंवर पाणी उडतं. ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो."

"मग हॉर्न मारायचा असला की?"

"ब्रेक दाबतो."

"आणि ब्रेक मारायचा असला की?"

"त्याला बी ब्रेकच दाबतो." त्यांनी माझ्याकडं जरा काळजीनं बघितलं. "त्याचं काय न्हाई. लोकास्नी वाटतं, गादीवाला आला म्हणून वाजवतोय. गिऱ्हाईक वाढलंय उलट. पण हा आठवडाभर गाडी चावीच वळखंना झालीया. तीनदा झालं. तेवढं बघ. बाकीचं ऱ्हाऊ दे."

आरशाला लिंबू-मिरची होती, तिच्याशेजारी काळ्या दोऱ्यातला ताईत, आणि त्यांच्यामध्ये मिशन दवाखान्यातल्या कुणा सिस्टरनं दिलेला लाकडी क्रूस. तीन धर्मांचे उपाय करून झाले होते. वायरमन चौथा.

असल्या गाडीत एक डबी असते. डॅशबोर्डच्या खाली, डाव्या अंगाला, साधारण जेवणाच्या डब्याएवढी. तिला बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणतात, आम्ही बीसीएम म्हणतो. इंजिनाचा मेंदू वेगळा. ही डबी घरकाम बघते: दिवे, वायपर, हॉर्न, दारं. आणि चावी ओळखायची तीच. चावीच्या डोक्यात एक बारीक चिप असते, तिचा नंबर डबीला पाठ असतो. नंबर जुळला तरच गाडी सुरू होते. डबीचं डोकं फिरलं की पाहुण्याला पाणी द्यायच्या ऐवजी ती त्याच्या अंगावर ओतते, आणि एखाद्या दिवशी घरच्या माणसालाच दार उघडत नाही.

मी डॅशबोर्डखाली आडवा झालो, हात घातला, आणि हाताला गार, ओलं, मऊ काहीतरी लागलं. उंदीर असेल म्हणून मी हात मागं घेतला. मग टॉर्च लावून बघितलं. कापूस होता. ओढला तर येतच राहिला. काचेच्या खालच्या खाचेपासून डबीच्या डोक्यापर्यंत कुणीतरी ठासून, निगुतीनं कापूस भरला होता. वरचा काळा, आतला हिरवट, आणि पिळला तर पाणी निघत होतं. पावसाळा संपून महिना झाला होता.

"चाचा," मी आतूनच ओरडलो, "बाळंतिणीच्या कानात घालतात तसा गाडीला कापूस कुणी घातला?"

"मीच. पावसाळ्यात काचंतनं पाणी गळायचं. आत डबी हाय असं वाटलं, भिजंल म्हणून कोंबला."

"चांगला कोंबलाय. पाणी गळून खाली सांडलं असतं, निघून गेलं असतं. तुम्ही त्याला गादी घालून दिली. ते मुक्कामालाच राहिलं."

मला वाटलं, विनोद पोचला नाही. म्हणून मी बाहेर आल्यावर पुन्हा सांगितला.

डबी उघडली. आतल्या सर्किटच्या पट्टीवर मोरचुदासारखा हिरवा थर चढला होता. दुरुस्तीचं नाव काढण्यात अर्थ नव्हता. मामा सांगलीला पार्ट आणायलाच गेले होते, त्यांना फोन करून मॉडेल नंबर सांगितला. दुकानात नवीन बीसीएम होता. मामा म्हणाले, दोन तास लागतील.

"चाव्या किती आहेत?" मी चाचांना विचारलं. हा प्रश्न विचारावाच लागतो.

"दोन."

"दोन्ही लागतील. नवी डबी कोरी असते. तिला चाव्या शिकवाव्या लागतात, सगळ्या एका वेळी. त्या वेळी जी चावी समोर नसेल ती बाद. पुन्हा त्या चावीनं गाडी सुरू होणार नाही."

चाचांनी दाढीतला कापूस काढायचं थांबवलं.

"एकच हाय माझ्याकडं. दुसरी इलाहीकडं हाय."

"इलाही कोण?"

"पोरगा."

"मग बोलवा की."

"लांब हाय. खालच्या अंगाला गेला, कर्नाटकाकडं."

"बेळगावला असला तर एसटीच्या ड्रायव्हरकडं पाठवायला सांगा. चार तासांत येते चावी."

"न्हाई पाठवायचा."

"फोन लावा, मी बोलतो."

"लागत न्हाई."

"किती दिवस झाले?"

"दोन वरसं."

मी स्टुलावर बसलो. स्टूल म्हणजे रंगाचा रिकामा डबा आणि वर फळी. मला गोष्ट लक्षात यायला लागली होती, म्हणजे तसं मला वाटत होतं. "चाचा, लोक गाडी घेऊन पळतात. गाडी ठेवून चावी घेऊन पळालेला पोरगा मी पहिल्यांदाच बघतोय. तिकडं बायको केली असेल, तुम्ही रागवाल म्हणून फोन घेत नसेल."

चाचांनी बोटांतला कापूस चुरगाळला. "केली आसंल," ते म्हणाले.

"मग सोडा की त्याला. एका चावीवर गाडी चालते. त्याच्याकडची राहू दे त्याच्याकडं, तिनं कान कोरेल."

"ती चावी चालली पाहिजे."

"तुम्हाला कशाला लागते?"

"मला न्हाई लागत. त्याला लागंल. आला आणि गाडीत बसला, आणि गाडीनं वळखलं न्हाई तर काय म्हणंल तो?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ती चालत नसंल तर मी गाडी अशीच नेतो. बुधवारच्या बुधवारी उतरीन."

चेष्टा करत नव्हते. उठून पोती उचलायला लागले होते. आणि ती गाडी अशी रस्त्यावर गेली असती तर एखाद्या आठवड्यात कुठल्या तरी उतारावर ब्रेक दाबल्यावर काय वाजलं असतं आणि मागून येणारं कोण थांबलं नसतं, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं.

"थांबा," मी म्हणालो. "एक रस्ता आहे."

पुण्यात मी ते दोनदा करून बघितलं होतं. जुन्या डबीत तुरीच्या डाळीएवढी एक चिप असते, आठ पायांची. सगळं पाठांतर तिच्यात. ती चिप उचलायची, वाचायची, आणि जसंच्या तसं नव्या डबीत उतरवायचं. मग नव्या डबीला जुन्या दोन्ही चाव्या ओळखू येतात, एक समोर असो नाही तर कर्नाटकात.

"गाडीला कळणारसुद्धा नाही आपलं डोकं बदललंय," मी म्हणालो. "आमच्याकडं निवडणुकीनंतर असंच करतात."

"इलाहीची चावी वळखंल?"

"ओळखेल. सुकुमार चौगुल्याचा शब्द आहे." आणि मग खरं ते पण सांगितलं. "एकच संधी असते. चिप मेली तर संपलं."

"मरायची न्हाई," चाचा म्हणाले आणि पोती खाली ठेवली.

मामा येईपर्यंत आम्हा दोघांना काम नव्हतं. चाचांनी माझं स्टूल बघितलं, फळीवर बोट फिरवलं, आणि म्हणाले, "ह्याच्यावर बसून काम करतोस? पन्नाशीत वाकून चालशील." गाडी बंद म्हणजे पिंजायचं यंत्रही बंद. त्यांनी गाडीच्या टपाखालून एक लांब धनुकली काढली, त्यांच्या वडिलांची. जुने पिंजारी खांद्यावर घेऊन फिरायचे तसली, ताताची, म्हणजे आतड्याची दोरी ओढलेली. करंजाच्या सावलीत पोतं अंथरून बसले आणि लाकडी ठोकणीनं दोरी छेडायला लागले. टण्, टण्, टण्. दोरी कापसात बुडायची आणि कापूस धुरासारखा वर यायचा.

"उशी करतो तुला. बुडाखाली घे."

"गाणं पण वाजवता येतं काय त्यावर?"

"इलाही वाजवायचा," ते म्हणाले. "बिघडवायचा दोरी."

मी आणखी दोन-चार विनोद केले. एक इलाहीच्या सासुरवाडीवर होता. त्यावर चाचा हसले. खरोखर हसले, दाढीत दात दिसले. मला बरं वाटलं होतं.

दीड वाजता मामा आले. मोटारसायकल लावली, हातातलं खोकं माझ्याकडं दिलं, आणि करंजाखाली बसलेल्या माणसाकडं बघून जागच्या जागी थांबले.

"दस्तगीर?"

"व्हय, गुंडू."

मामा जाऊन त्यांच्याशेजारी उकिडवे बसले. दोघं काहीतरी बोलले. मग मामा माझ्याकडं आले. मी त्यांना खालच्या आवाजात पण मोठ्या रंगात सगळं सांगितलं: पळालेला पोरगा, कर्नाटकातली बायको, चावी आणि कान.

मामांनी ऐकून घेतलं. मग मला दंडाला धरून गाडीच्या मागं नेलं.

"तू पुण्यात होतास," ते म्हणाले, "पूर आला त्या साली."

"होतो."

"ह्यांचं गाव नदीकाठाला. पाणी चढाय लागलं तसं इलाहीनं ही गाडी काढली आणि वर माळाला, शाळेपाशी नेऊन लावली. यंत्र भिजलं तर घर बसलं, म्हणून आधी गाडी. कुलूप लावलं, चावी खिशात टाकली, आणि दावणीच्या शेळ्या सोडायला परत खाली गेला."

माझा हात मागच्या दाराच्या सुतळीवर होता.

"शेळ्या आल्या. साती शेळ्या पोहून माळाला लागल्या. आजून हायत त्यातल्या दोन."

"आणि तो?"

"वीस दिवस बोटी फिरल्या. खालच्या अंगाला, पार कर्नाटकापर्यंत." मामांनी तोंड फिरवलं. "काही म्हणजे काही घावलं न्हाई. ह्यानं मयताची नमाज पढू दिली न्हाई त्याची, आजतागायत. गाडी पंधरा दिवस माळावर तशीच. मी घरची चावी घिऊन काढाय गेलतो, तर मला हात लावू दिला न्हाई. म्हणाला, चावी नेलीया त्यानं, तोच काढंल."

करंजाखालून टण् टण् चालूच होतं.

"मी असतो तर म्हणालो असतो, कर नवी कोडिंग आणि हो मोकळा," मामा म्हणाले. "पण तू शब्द दिलायस म्हणं."

मी जुनी डबी टेबलावर घेतली. स्पिरिट आणि दात घासायचा ब्रश घेऊन पट्टी धुतली. हिरवा थर निघाला, त्याच्याखाली काळा होता, तोही निघाला. भिंगातून चिप दिसली. आठांपैकी तीन पाय पार खाल्लेले. गरम हवेची गन लावली, चिमट्यानं धरून अगदी हलकं उचललं. चिप आली, दोन पाय पट्टीवरच राहिले. मी केसाएवढ्या तांब्याच्या तारा काढल्या, एकेका पायाच्या खुंटाला कथलाचा डाग दिला. पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात चाचा एकदा येऊन माझ्यामागं उभे राहिले. मी मागं बघितलं नाही. त्यांच्या अंगाला नव्या कापडाचा वास येत होता. मग ते गेले.

चिप वाचायच्या यंत्रात बसवली. पडद्यावर ओळीमागून ओळ उमटायला लागली. जिवंत चिप असली की त्या ओळींत आकडे आणि अक्षरं मिसळलेली असतात, बाजारात माणसं असावीत तशी. इथं एकच अक्षर होतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तेच एक. मी पुन्हा डाग दिले, पुन्हा वाचली. तेच. तिसऱ्यांदा तेच.

पाणी तिथं जाऊन आलं होतं; सकाळपर्यंत ती कशीबशी तग धरून होती, उचलल्यावर संपली. आणि तिथं त्याला बसायला गादी कुणी घालून दिली, हे मी त्या माणसाला सकाळी दोनदा सांगितलं होतं, हसत.

"गेली?" मामांनी विचारलं.

मी मान हलवली.

"सांग त्याला."

मी जाऊन टेबलाचा खालचा खण उघडला. त्यात कोऱ्या चाव्या असतात. डोक्यात चिप असते, पातं सपाट असतं, दात न कापलेलं. त्यातली एक काढली. मामांनी बघितलं.

"मी चहा सांगून येतो," ते म्हणाले. त्यांचा चहा त्यांच्या हातात होता.

नवी डबी बसवली. खाच पुसून कोरडी केली, काचेच्या रबराला सिलिकॉन लावलं, की पुढच्या पावसात थेंब येऊ नये. स्कॅनर जोडला. चाचांची चावी कुलपात घालून शिकवली. मग कोरीचं डोकं कुलपाच्या कड्याशी धरलं. स्कॅनर दोनदा वाजला. पडद्यावर आकडा आला. मी कोरी खिशात टाकली आणि चाचांना हाक मारली.

त्यांनी गाडी सुरू केली. एका झटक्यात लागली. हॉर्न दाबला, हॉर्न वाजला. ब्रेक दाबला, मागचे लाल दिवे लागले आणि दुसरं काहीही झालं नाही. वायपर आपल्या जागी पडून होते. त्यांनी गाडी बंद केली, दार उघडलं आणि दारातून खाली उतरले.

"आणि ती?"

मी स्कॅनर त्यांच्यापुढं धरला. "नोंदलेल्या चाव्या दोन."

त्यांनी बोट ठेवून आकडा बघितला. "दुसरी कुठली, ते लिवलंय काय ह्यात?"

"नाही. आकडाच येतो."

"मशीन खोटं न्हाई बोलत."

"नाही."

"मशीन न्हाई बोलत," चाचा म्हणाले.

त्यांनी स्कॅनर हातात घेऊन तो आकडा पुन्हा बघितला. मग स्कॅनर माझ्या हातात परत दिला.

"सकाळधरनं तुझं तोंड एक घडी बंद न्हवतं," ते म्हणाले. "गुंडू आला तवापासनं एक शब्द बोलला न्हाईस. माझ्याकडं बघितलं बी न्हाईस."

मी खाली बघितलं.

"कापसानं गेली न्हवं ती?"

"पाणी होतं, चाचा."

"पाणी होतं. कापूस माझा होता." त्यांनी हात पुढं केला. "दे."

मी खिशातून कोरी चावी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उजेडाकडं धरली, सपाट पात्यावरून अंगठा फिरवला.

"दात न्हाईत हिला."

"कोरी आहे. गाडी ओळखते हिला. पण कुलूप उघडत नाही."

"म्हणजे वळखंल, पर कुठं जायची न्हाई."

"नाही."

"बरं झालं," ते म्हणाले.

करंजाखाली माझी उशी होती, पांढऱ्या मांजरपाटाची, तीन बाजूंनी शिवलेली. चाचांनी तिच्यातला कापूस सगळा बाहेर काढून पोत्यावर ठेवला. मग नळावर गेले. हात कोपरापर्यंत धुतले, तोंड धुतलं, पाय धुतले, टोपी झटकून नीट बसवली. परत येऊन नवा कापूस घेतला आणि धनुकली धरली. पुष्कळ वेळ पिंजला. आधीच पिंजलेला होता तो, तरी पिंजला. मामा रस्त्यापलीकडून आले, बघितलं, आणि चपला काढून बाजूला उभे राहिले. मी पण काढल्या. हातातला स्कॅनर बॅटरी कमी म्हणून मधूनमधून वाजत होता, तो बंद केला.

चाचांनी पिंजलेला कापूस थरावर थर घालून हातानं सारखा केला. त्याच्या मधोमध चावी ठेवली, उत्तर-दक्षिण. वर पुन्हा कापूस घातला. सगळं मिळून उचललं, कुणाला धक्का लागू नये असं, आणि कापडात सरकवलं. मग सुई घेतली. ओठ हलत होते. काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही, आणि मी ऐकायला पुढंही झालो नाही. चौथी बाजू बारीक टाक्यांनी शिवली, गाठ मारली, दोरा दातानं तोडला.

उठताना मामांनी हात दिला.

"इलाहीच्या आईला सांगाय पाहिजे घरी," चाचा मामांना म्हणाले.

"मी येऊ?"

"नको. जातो मी." मग माझ्याकडं वळले. "तुझी उशी बुधवारी आणतो. ही न्हेतो."

त्यांनी बुधवारी आणली. आज माझं स्वतःचं गॅरेज आहे, स्टूल लोखंडी आहे, उशी तीच आहे. मधे एकदा त्यांनीच येऊन पिंजून दिली. गिऱ्हाइकाला चाव्या किती हे मला अजून रोज विचारावं लागतं. ते मी हातातलं काम थांबवून विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत काही बोलत नाही.

त्या दुपारी मात्र त्यांनी पांढरी उशी डाव्या सीटवर ठेवली, घसरू नये म्हणून तिच्यावरून पट्टा लावला, आणि गाडी सुरू केली. आरशाचं लिंबू वाळून खडा झालं होतं, ते काढून मला टाकायला दिलं. ताईत आणि क्रूस राहू दिले. इंडिकेटर दिला. उजवा दिला, उजवाच लागला. गाडी म्हैसाळ रस्त्याला लागली.

ह्या गाड्यांना एक सवय असते. वेग वीसच्या पुढं गेला की डबी सगळी दारं आपोआप बंद करून घेते, आतलं माणूस बाहेर पडू नये म्हणून. धनुकलीचा आवाज आता नव्हता, त्यामुळं ते रस्त्यावरून स्पष्ट ऐकू आलं. वळणाच्या थोडं अलीकडं. खट्ट.

"पुन्हा बिघडलं काय?" मामांनी विचारलं.

"नाही मामा," मी म्हणालो. "हे असंच व्हायचं असतं."